अंदाज 1, प्रत्यक्ष 1840

आधी उतारा वाचू.

नेस्टेड लूप: कॉस्ट 0.42..5533.46, ओळी 1 | प्रत्यक्ष वेळ 17.362..33612.745, ओळी 1840, फेऱ्या 1
जॉइन फिल्टरने वगळलेल्या ओळी: 3494160
→ इंडेक्स स्कॅन, मालनोंद: कॉस्ट 0.42..8.44, ओळी 1 | प्रत्यक्ष वेळ 0.031..6.918, ओळी 1840, फेऱ्या 1
→ सिक्वेन्शियल स्कॅन, डिझेलपावती: कॉस्ट 0.00..5525.00, ओळी 1 | प्रत्यक्ष वेळ 17.310..18.044, ओळी 1900, फेऱ्या 1840
फिल्टरने वगळलेल्या ओळी: 208100

पोस्टग्रेस या डेटाबेसला 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' म्हटलं की तो असं काहीतरी समोर ठेवतो. मूळ भाषा इंग्रजी असते, इथे मराठीत उतरवली आहे. उतारा कुठल्या खऱ्या यंत्रावरून उचललेला नाही, नमुन्यादाखल मी रचला आहे. रचताना मात्र पोस्टग्रेसच्या लकबीबाहेर जाऊन एकही आकडा मनाचा घातलेला नाही. कवितेचं रसग्रहण करतात तसं याचंही करता येतं असं माझं मत आहे, आणि ते गमतीने म्हणत नाही.

रचताना डोळ्यांसमोर वस्ती होती ती कफ परेडच्या मच्छीमार नगरची. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाच्या कडेला, बधवार पार्कच्या शेजारी, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. इथल्यासारख्या एखाद्या मच्छीमार सोसायटीचा हिशेब संगणकावर ठेवायचा तर दोन मोठी टेबलं लागणार. एक मालाचं: कुठली बोट, कुठल्या दिवशी, काय म्हावरं, किती वजन, लिलावात काय भाव. दुसरं डिझेलच्या पावत्यांचं, कारण यांत्रिक बोटींना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो आणि त्याची कागदपत्रं सोसायटीमार्फत जातात. दोन्ही टेबलांत 'हंगाम' असा एक रकाना. चालू हंगामातली प्रत्येक मालनोंद तिच्या पावतीशी जुळवून यादी काढा, एवढीच मागणी. पडद्यावर ती यादी यायला साडेतेहतीस सेकंद लागले. का, ते वरच्या उताऱ्यात लिहिलेलं आहे. वाचता आलं पाहिजे, इतकंच.

हा मजकूर आतून बाहेर वाचायचा असतो. सगळ्यात आत सरकवलेल्या ओळी आधी घडतात, वरची ओळ शेवटी. त्यामुळे मालनोंदीची ओळ पहिली. तिथे नजर थांबावी ती 'ओळी 1' वर. डाव्या बाजूचे आकडे म्हणजे प्लॅनरचा, म्हणजे काम कसं करायचं ते ठरवणाऱ्या भागाचा अंदाज, काम सुरू करण्यापूर्वीचा. उजवीकडचे, काम केल्यानंतरचे. प्लॅनरला वाटलं, या हंगामाची एक नोंद सापडेल. सापडल्या 1840.

आता या 'एक'ची खुबी. पोस्टग्रेस स्कॅनचा किंवा जॉइनचा अंदाज एकाच्या खाली छापत नाही. गणित शून्यावर आलं तरी तो एकच लिहितो. म्हणजे हा 'एक' मोजून आलेला नाही, 'असलं काही माझ्या माहितीत नाही' हे सांगण्याची ती सभ्य रीत आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो 'ओळी 1' दिसल्याबरोबर सावध होतो. ज्याला ठाऊक नाही तो 'एकच ओळ आहे, मग एवढा वेळ कसला' म्हणून भलतीकडे शोधत बसतो.

माहितीत का नव्हतं? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत टेबलात नवं काही येत नाही, मागचे हिशेब तेवढे पुरे होतात. डेटाबेस आपल्या टेबलांची पाहणी करून प्रत्येक रकान्यात कुठली मूल्यं वारंवार येतात त्याची यादी ठेवतो. पाहणी सगळ्या ओळींची नसते, नेहमीच्या मांडणीत तीस हजार ओळींचा नमुना घेतो. 'हंगाम' रकान्यात जेमतेम सात-आठ मूल्यं, म्हणजे सगळीच्या सगळी यादीत बसली. 1 ऑगस्टला बोटी सुटल्या आणि '2025-26' हा नवा हंगाम नोंदींत उमटायला लागला. यादीत तो नाही. आणि यादी तर पूर्ण आहे, तिच्याबाहेर शिल्लक काही उरतच नाही. मग प्लॅनरने जो निष्कर्ष काढायचा तो काढला.

तुम्ही म्हणाल, यादी ताजी का होत नाही? होते. पण टेबलाचा दहावा हिस्सा अधिक पन्नास ओळी बदलल्याशिवाय पोस्टग्रेस आपणहून फेरपाहणी करत नाही. मालनोंदीत चार लाख ओळी असतील तर चाळीस हजार पन्नास ओळी बदलायला हव्यात. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी आकडा 1840. टेबल जितकं जुनं आणि भरलेलं तितका नवा हंगाम त्याच्या नजरेत यायला उशीर. ही पोस्टग्रेसची चूक म्हणवत नाही, पण वर्षातून दोन महिने ज्यांचा धंदा ठप्प होतो अशा लोकांचा हिशेब ठेवताना हा दहावा हिस्सा चालणार नाही, एवढं सांगणाऱ्याने सांगायला हवं.

आता दुसरी आतली ओळ, डिझेलपावतीची. माझ्या मते उताऱ्यातली सगळ्यात सुंदर जागा इथे आहे. 'प्रत्यक्ष वेळ 17.310..18.044'. मधल्या दोन टिंबांच्या आधीचा आकडा म्हणजे पहिली ओळ हाती यायला लागलेले मिलिसेकंद, नंतरचा म्हणजे शेवटची ओळ हाती येईपर्यंतचे. दोन लाख दहा हजार पावत्या पहिल्यापासून चाळल्या, सतरा मिलिसेकंद हाती काही नाही, आणि मग पाऊण मिलिसेकंदात 1900 पावत्या लागोपाठ. म्हणजे नव्या हंगामाच्या पावत्या टेबलाच्या अगदी शेपटीला आहेत. हे कुठेही शब्दांत लिहिलेलं नाही. दोन आकड्यांमधल्या अंतरात ते आहे. टेबलाच्या पोटात काय कुठे पडलंय याचा नकाशा दोन टिंबांत मावावा, याला मी तरी शैली म्हणतो.

आणि त्याच ओळीच्या टोकाला 'फेऱ्या 1840'. नवशिक्याला हमखास चकवणारी जागा. अठरा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटून माणूस पुढे जातो. पण तो वेळ एका फेरीचा सरासरी वेळ आहे, ओळींचा आकडासुद्धा एका फेरीचाच. गुणाकार वाचणाऱ्याने करायचा. 18.044 गुणिले 1840, म्हणजे तेहतीस हजार दोनशे मिलिसेकंद. गेलेला सगळा वेळ सापडला! प्रत्येक मालनोंदीसाठी पावत्यांचं आख्खं टेबल पहिल्यापासून चाळलं गेलं, एकूण 38 कोटी 64 लाख ओळी डोळ्यांखालून गेल्या. एकच नोंद येणार असती तर एकदाच चाळावं लागलं असतं, आणि ते ठीक होतं. प्लॅनर मूर्ख नव्हता. चुकीच्या माहितीवर त्याने अचूक निर्णय घेतला.

गुणाकार यंत्राने का करून देऊ नये, अशी तक्रार बरेच जण करतात. मलाही पूर्वी ती पटायची. आता वाटतं, एका फेरीचा वेळ आणि फेऱ्यांची संख्या वेगवेगळी दिली म्हणूनच दोष कुठे आहे ते कळतं. प्रत्येक फेरी संथ आहे की फेऱ्याच जास्त झाल्या? नुसते 33,200 लिहिले असते तर हा प्रश्नच पुसला गेला असता. डावीकडची 'कॉस्ट' मात्र खरोखर कोड्यात टाकणारी आहे. 5533 कशाचे? ना मिलिसेकंद, ना रुपये. डिस्कवरचं एक पान ओळीने वाचणं म्हणजे 1, उडी मारून वाचणं म्हणजे 4, एक ओळ हाताळणं म्हणजे 0.01, असं ते प्लॅनरचं स्वतःपुरतं चलन आहे. ते फक्त दुसऱ्या कॉस्टशी ताडून पाहायचं. वेळेशी ताडायला गेलात की फसलात.

उपाय एका ओळीचा. टेबलांची फेरपाहणी हाताने करायला सांगायची. त्या आज्ञेचं नावही 'अ‍ॅनालाइझ'च, यात घोटाळा होतो, पण असो. मग प्लॅनर दोन्हीकडचे हंगामी तुकडे एकदाच काढून हॅशने जुळवतो आणि काम तीसेक मिलिसेकंदांत उरकतं. अंदाज 1840 वर नेमका बसत नाही, नमुन्यावरून काढलेला असतो, 1790 येईल, 1880 येईल. तेवढं चालतं.

मला या उताऱ्यात जे आवडतं ते हे की तो निकाल देत नाही. 'तुमची आकडेवारी शिळी झाली आहे' असं वाक्य त्यात कुठेच नाही. मानलं काय आणि निघालं काय, हे शेजारी शेजारी ठेवून तो गप्प बसतो. समुद्राकाठच्या माणसाला ही रीत नवी नाही. भरतीच्या छापील कोष्टकात पाणी किती चढेल ते आधीच दिलेलं असतं, आणि या वस्तीच्या पलीकडच्या अंगाला, अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या 1878 पासूनच्या नोंदी सांगतात की पाणी खरोखर किती चढलं. उधाणाचं गणित चंद्र-सूर्यावरून बसतं. कोष्टक आणि मापक यांच्यात जो फरक पडतो तो वाऱ्याचा आणि वादळाचा असतो, आणि काठावरच्या घरांचं नुकसान त्या फरकानेच होतं. डीबगिंगच्या साधनाचा कस मी याच एका गोष्टीवर लावतो: दोन्ही आकडे शेजारी देतं का?

नुसतं 'एक्सप्लेन' म्हटलं तर फक्त डावी बाजू मिळते, नुसता बेत. उजवी बाजू हवी तर काम खरोखर करावं लागतं, आणि इथे एक धोका आहे. नोंदी पुसण्याच्या आज्ञेपुढे 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' लावलं तर नोंदी खरोखर पुसल्या जातात. म्हणून आधी 'बिगिन', शेवटी 'रोलबॅक' असं कुंपण घालून मगच.

या विद्येचं मराठी मुलखाशी नातं जुनं आहे. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन यांचं नाव जगभरच्या विद्यार्थ्यांना सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासोबत डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकावर दिसतं. 2018 साली आलेल्या पोस्टग्रेसच्या अकराव्या आवृत्तीत सारख्याच तऱ्हेने विभागलेली टेबलं विभागवार जुळवण्याची सोय आली, तिच्यापुढे आशुतोष बापट हे नाव आहे. आणि मुलखाबाहेर, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. जयंत हारित्सा यांच्या गटाने तर प्लॅनरच्या निर्णयांची चित्रंच काढली. मागणीतले आकडे थोडे थोडे बदलत जायचे, कुठल्या ठिकाणी प्लॅनर कुठला बेत निवडतो ते प्रत्येक बेताला वेगळा रंग देऊन पसरायचं. निघालेल्या नक्ष्या इतक्या वेड्यावाकड्या आणि तुकड्यातुकड्यांच्या होत्या की त्या साधनाचं नाव पिकासो ठेवलं. रसिकता या धंद्यात नसते म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

क्लाउडवरच्या फंक्शनकडे वळलं की मजकूर एकदम आखडतो. मच्छीमार नगरातून दक्षिणेकडे, नेव्हीनगरच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं टिफ्रॅक हे संगणकयंत्र 1960 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या. बिघाड झाला तर यंत्र होतं तिथे जाऊन हात लावता यायचा. अ‍ॅमेझॉनने आपला मुंबई विभाग जून 2016 मध्ये सुरू केला. आपलं फंक्शन याच शहरात कुठेतरी चालतं, पण कुठल्या खोलीत, कुठल्या यंत्रावर, ते कळत नाही, आणि काम संपलं की ते असतंच असं नाही. मागे उरते ती लॉगमधली एक ओळ.

समजा डिझेलपावतीचा मोबाइलवर काढलेला फोटो लहान करून ठेवणारं, अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डा सेवेवरचं एक फंक्शन आहे. त्याची शेवटची ओळ अशी:

रिपोर्ट, ड्युरेशन: 3000.00 मि.से., बिल्ड ड्युरेशन: 3000 मि.से., मेमरी साइझ: 128 एमबी, मॅक्स मेमरी यूज्ड: 127 एमबी

कसलेला वाचक पहिल्या आकड्यापाशीच अडतो. 3000.00. खऱ्या कामाचा वेळ इतका गोल कधी येत नाही. तो 2841.37 असतो, 412.09 असतो. गोल आकडा म्हणजे काम संपलं नाही, संपवलं गेलं. लॅम्डाची मुदत आपण बदलली नाही तर तीन सेकंदच असते, वाढवून पंधरा मिनिटांपर्यंत नेता येते. इथे कोणी बदललेली नाही हेही त्या 3000.00 वरून कळलं.

मग मेमरीची जोडी. दिली 128, वापरली 127. फोटोची फाइल चार एमबीची दिसते, पण ती उघडली की एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 36 एमबी झाले. मधल्या कामासाठी आणखी एक-दोन प्रती केल्या की छत आलंच. आणि 'इनिट ड्युरेशन' हा आकडा या ओळीत नाही, त्या नसण्यालाही अर्थ आहे. तो फक्त फंक्शन नव्याने उभं राहतं तेव्हाच येतो. म्हणजे हे आधीच उभं होतं, थंड सुरुवातीला दोष देण्याची सोय उरली नाही.

एवढं कौतुक केल्यावर या ओळीचं एक न्यून सांगितलंच पाहिजे. लॅम्डात प्रोसेसरचा वाटा मेमरीच्या प्रमाणात मिळतो. 1769 एमबी मागितली तर एक आख्खा व्हर्च्युअल प्रोसेसर, 128 मागितली तर त्याच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. फोटो लहान करणं हे प्रोसेसरचं काम. तीन सेकंद पुरले नाहीत त्याचं मूळ इथे असण्याचा संभव मोठा, आणि रिपोर्टच्या ओळीत प्रोसेसरचा शब्द नाही. म्हणून लोक मुदत वाढवतात, मेमरी तशीच ठेवतात, आणि काम तितक्याच संथपणे पण पूर्ण होतं याचंच समाधान मानतात. मेमरी दुप्पट केली तर दर मिलिसेकंदाचा भाव दुप्पट होतो खरा, पण वेळ निम्मा झाला तर बिल होतं तेवढंच राहतं. जोडीतला दुसरा आकडा न छापल्याने किती जणांचे किती तास गेले असतील!

फंक्शनं आणि डेटाबेस एकमेकांना भेटतात तिथे एक छोटासा निरोप येतो, तो मला फार आवडतो. पोस्टग्रेसला नेहमीच्या मांडणीत एका वेळी शंभर जोडण्या झेपतात. लॅम्डा मागणी वाढली की आपल्या प्रती वाढवत जातो, नव्या नसलेल्या खात्यात सहसा हजारपर्यंत. पहाटे लिलावाच्या वेळी सगळे एकदम फोटो पाठवायला लागले की दाराशी गर्दी, आणि पोस्टग्रेस म्हणतो: 'फेटल: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. एकाच ओळीत 'फेटल' आणि 'सॉरी'! मला तो जुन्या इराणी हॉटेलातल्या गल्ल्यावरच्या मालकाचा सूर वाटतो. कंपन्यांच्या आजकालच्या गुळगुळीत 'काहीतरी चुकलं' पाट्यांपेक्षा हा बरा. कारण तरी सांगतो.

मागणी फंक्शनाकडून डेटाबेसकडे, तिथून आणखी कुठे, अशी फिरत असेल तर एकेक लॉग वाचून भागत नाही. मागणीच्या पूर्ण प्रवासाला एकच खूण बांधायची, प्रत्येक टप्प्याची सुरुवात-शेवट नोंदवायची आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या, ही रीत गूगलच्या डॅपरवरच्या 2010 मधल्या निबंधाने रूढ केली. अ‍ॅमेझॉनचं एक्स-रे, उबरमधून आलेलं येगर, ओपनटेलिमेट्री ही त्याच घराण्यातली मंडळी. चित्र देखणं असतं, पण मी पट्ट्यांपेक्षा त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा पाहतो. एक पट्टी संपली आणि दुसरी दोनशे मिलिसेकंदांनी सुरू झाली, तर त्या काळात कोण कोणाची वाट पाहत होतं? मोठी गोम अशी की सगळ्याच प्रवासांची नोंद होत नाही. एक्स-रे नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाची पहिली मागणी टिपतो आणि उरलेल्यांतल्या शंभरात पाच. तक्रार घेऊन आलेल्या माणसाची मागणी त्या पाचांत असेलच याची खात्री कोणी देत नाही.

आता कंटेनर. ते क्यूबरनेटिस चालवतो, 'पॉड' नावाच्या गठ्ठ्यांत. इथला मजकूर पंचनाम्यासारखा. 'क्यूबकंट्रोल डिस्क्राइब पॉड' म्हटलं की दोन-अडीच पानं उलगडतात आणि त्यांच्या मध्यावर हे सापडतं:

लास्ट स्टेट: टर्मिनेटेड, रीझन: ओओएमकिल्ड, एक्झिट कोड: 137, स्टार्टेड 05:12:09, फिनिश्ड 05:12:51, रीस्टार्ट काउंट: 7, लिमिट्स मेमरी: 256 एमआय

ओओएमकिल्ड म्हणजे मेमरीचं छत ओलांडलं म्हणून मारला. 137 म्हणजे 128 अधिक 9. बाहेरच्या इशाऱ्याने प्रक्रिया संपली तर 128 मध्ये इशाऱ्याचा क्रमांक मिळवून सांगायचा, असा युनिक्सच्या शेलचा जुना रिवाज. 9 हा असा इशारा आहे की तो प्रक्रियेला अडवता येत नाही, ऐकूही येत नाही. म्हणून अशा कंटेनरचा लॉग मध्येच तुटतो, निरवानिरवीचं वाक्य त्यात नसतं. तेच 143 असेल, म्हणजे 15 क्रमांकाचा इशारा, तर आधी सांगून सवरून, आवराआवर करायला क्यूबरनेटिसमध्ये सहसा तीस सेकंद देऊन बंद केलेलं असतं. एका आकड्यात वागणुकीचा एवढा फरक.

'स्टार्टेड' आणि 'फिनिश्ड' यांतलं अंतर बेचाळीस सेकंदांचं. उठता उठताच मेला असता तर सुरुवातीच्या सेटिंगवर संशय घेतला असता. बेचाळीस सेकंद जगला, म्हणजे काम करत होता, काम करता करता फुगला. पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटं, लिलावाची वेळ. आणि रीस्टार्ट सात. क्यूबरनेटिस पडलेल्याला पुन्हा उभं करताना दर वेळी दुप्पट थांबतो, दहा सेकंद, वीस, चाळीस, असं पाच मिनिटांच्या छतापर्यंत. सातव्यांदा पडलेल्यासाठी तो आता पाच मिनिटं थांबणार. दोष दुरुस्त झाला तरी तेवढी रखडपट्टी होऊ शकते, आणि समोरचा तांडेल विचारणारच, 'दादा, कधी चालू होतंय?'

पण जोडी? लिमिट 256 लिहिली आहे. मरताना किती वापरत होता ते या पानावर नाही. हा डिस्क्राइबचा ठसठशीत दोष आहे. दुसरा आकडा कुठेच नाही असंही नाही. ज्या यंत्रावर कंटेनर चालत होता त्याच्या कर्नलच्या लॉगमध्ये, मारलेल्या प्रक्रियेच्या नावापुढे तो किलोबाइटमध्ये नोंदलेला असतो. आणि तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सहसा प्रवेश नसतो. छत आपल्या पानावर, उंची दुसऱ्याच्या वहीत. वर डिस्क्राइबच्या तळाशी ज्या घटना छापलेल्या असतात त्या नेहमीच्या मांडणीत तासाभराने गळून जातात. पाचच्या लिलावाची तक्रार घेऊन साडेसातला बसलात तर तळ रिकामा. त्यातल्या त्यात 'लॉग्ज'ला 'प्रीव्हियस' जोडलं तर आधीच्या, मेलेल्या कंटेनरचं बोलणं ऐकता येतं. ज्याने ही सोय ठेवली त्याला धंदा कळत होता.

या सगळ्यांची आजी म्हणावी ती एसट्रेस. 1991 मध्ये पॉल क्रानेनबर्गने ती सनओएससाठी लिहिली, मग ती लिनक्सवर आली. प्रोग्राम कर्नलकडे जे जे मागतो त्याची ती एकेक ओळ छापते. अमुक फाइल उघड, वाचण्यापुरती, बरोबर, उणे एक, ईनोएंट, अशी फाइल नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे मागणी, उजवीकडे उत्तर. पस्तिसेक वर्षांत त्या मांडणीत सुधारण्यासारखं कोणाला फारसं सापडलेलं नाही. लॉगमध्ये प्रोग्राम स्वतःविषयी जे सांगतो ते लिहिणाऱ्याच्या समजुतीवर बेतलेलं असतं. एसट्रेसमध्ये त्याला शब्द निवडायची मुभाच नसते. किंमत आहे: प्रत्येक मागणीला प्रक्रिया थांबवून पाहिलं जातं, त्यामुळे पाहिल्या जाणाऱ्या कामाचा वेग चांगलाच पडतो. लिलावाच्या ऐन गर्दीत ती लावणारा माणूस धाडसी तरी किंवा नवा तरी.

शिवाय आजचे कंटेनर आतून इतके रिकामे असतात की लावायची कशी हाच प्रश्न. सुरक्षेसाठी त्यांतून शेलसुद्धा काढलेलं असतं. आत शिरायला दार नाही, 'एक्झेक' म्हटलं तर चालवायला काहीच नाही. त्यावरचा तोडगा, तात्पुरता कंटेनर शेजारी सोडण्याचा, क्यूबरनेटिसच्या 1.25 या आवृत्तीत, ऑगस्ट 2022 मध्ये पक्का झाला. 'क्यूबकंट्रोल डीबग' म्हणायचं, आपली हत्यारं भरलेली प्रतिमा सांगायची, कुठल्या कंटेनरकडे पाहायचंय ते सांगायचं. मग त्याच पॉडमध्ये आपला कंटेनर उभा राहतो, पलीकडच्याच्या प्रक्रिया आपल्याला दिसू लागतात, आणि परवानगी दिलेली असेल तर एसट्रेसही लागते. मात्र असा कंटेनर एकदा जोडला की पॉड असेपर्यंत त्यातून काढून टाकता येत नाही. काम झालं, आपण बाहेर पडलो, तरी पुढच्या वेळी डिस्क्राइब काढलं की 137 च्या त्या नोंदीखाली एक वेगळा भाग दिसतो, त्यात 'डीबगर' आणि पुढे पाच यादृच्छिक अक्षरं असं नाव, कुठली प्रतिमा वापरली ते, आणि किती वाजता आत शिरलो ती वेळ.